ट्रॅक्टर मागून बघावा

ट्रॅक्टर घ्यायला निघालेला माणूस तो समोरून बघतो. बॉनेटचा रंग, दिव्यांची ठेवण, बाजूला ठसठशीत लिहिलेला एचपीचा आकडा. विकणाराही त्याला तिथेच उभा करतो, मग सीटवर बसवतो, स्टेअरिंग हातात देतो आणि खाली उतरेपर्यंत बहुतेकांचं ठरलेलं असतं. मागे दोन लोखंडी हात आहेत, वर एक दांडा आहे, मधोमध टोपणाखाली दातेरी शाफ्टचं टोक आहे, याकडे लक्ष जातं ते पहिलं अवजार जोडायची वेळ येते तेव्हा.

माझ्याकडे जी जागा आहे तिला शेत म्हणणं धाडसाचं होईल. थोडा उतार, काही जुनी झाडं, काही मी लावलेली, गुडघाभर माजणारं गवत आणि जोराचा पाऊस झाला की जागोजागी वाहून जाणारा मातीचा रस्ता. अशा जागेत मोठा ट्रॅक्टर वळत नाही आणि विळा-फावड्याने ती आवरत नाही. म्हणून छोटा ट्रॅक्टर. तो शोधण्यात बराच काळ गेला. माहितीपत्रकं वाचली, लोकांच्या ट्रॅक्टरखाली वाकून पाहिलं, ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना नको इतके प्रश्न विचारले. या सगळ्यातून एक मत मात्र पक्कं झालं : छोट्या ट्रॅक्टरची निवड मागच्या बाजूने सुरू करावी. काम काय, त्याला अवजार कोणतं, ते अवजार उचलायला आणि फिरवायला काय लागतं, असं करत पुढे सरकावं. इंजिन सगळ्यात शेवटी येतं.

मागच्या बाजूला एवढं महत्त्व का, याचं उत्तर शंभर वर्षांपूर्वीच्या एका अडचणीत आहे. तेव्हा ट्रॅक्टर नांगराला नुसता साखळीने किंवा दांड्याने ओढत असे. फाळ दगडाला किंवा मुळाला अडकला की नांगर जागीच थांबायचा, इंजिनचा जोर मात्र चालूच. चाक फिरू शकत नसेल तर ट्रॅक्टरच चाकाभोवती फिरतो. पुढची चाकं वर उठायची आणि पूर्ण ट्रॅक्टर मागे, चालवणाऱ्याच्या अंगावर यायचा. हॅरी फर्ग्युसन हा आयर्लंडचा खटपट्या मेकॅनिक. १९०९ मध्ये त्याने स्वतः बांधलेलं विमान उडवलं होतं. पहिल्या महायुद्धात अन्नाची टंचाई होती तेव्हा, १९१७ साली, तिथल्या शेती खात्याने त्याला ट्रॅक्टरची कामं सुधारायला पाठवलं. शेतोशेत फिरताना त्याच्या लक्षात आलं की ट्रॅक्टर आणि नांगर या दोन वेगळ्या वस्तू मानल्या जातात, तिथेच घोळ आहे.

त्याची जोडणी तीन बिंदूंची. खालचे दोन हात ओढतात, हे कुणालाही दिसतं. खरी गंमत वरच्या दांड्यात आहे, ज्याला आपण टॉप लिंक म्हणतो. फाळ मातीत ओढला जाऊ लागला की नांगराचं वरचं टोक पुढे कलंडू पाहतं आणि टॉप लिंकवर दाब येतो. तो दाब थेट ट्रॅक्टरच्या अंगावर, पुढच्या दिशेने. ट्रॅक्टरचं नाक उठू पाहतं तेव्हा हाच दाब त्याला आवरतो. शिवाय नांगराचा आणि त्याच्यावरच्या मातीचा भार मागच्या चाकांवर येतो, त्यामुळे वजनाला हलका ट्रॅक्टरही पकड धरतो. टॉप लिंकवरचा दाब वाढला, म्हणजे माती कडक लागली, की हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबावर हात उचलणारी यंत्रणा, आपोआप अवजार किंचित वर घेतं. याचं पेटंट १९२६ सालचं. १९३८ मध्ये फर्ग्युसन आणि हेन्री फोर्ड यांच्यात कागदावर न लिहिता नुसत्या हस्तांदोलनावर करार झाला आणि १९३९ मध्ये ही जोडणी असलेला फोर्डचा ट्रॅक्टर आला. पुढे फोर्डच्या नातवाच्या काळात तो करार मोडला, खटला उभा राहिला आणि १९५२ मध्ये साडेब्याण्णव लाख डॉलरांवर मिटला. तोंडी व्यवहार पसंत असणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही.

आज छोट्यातला छोटा ट्रॅक्टरही याच तीन बिंदूंवर उभा आहे. पण सगळ्यांत सगळं असतं असं नाही. मातीच्या ताणानुसार आपोआप उचलणारी ती व्यवस्था, म्हणजे ड्राफ्ट कंट्रोल, बऱ्याच लहान ट्रॅक्टरमध्ये नसते. लिव्हर जिथे ठेवाल तिथे अवजार राहतं, एवढंच. गवत कापायला, माती सारखी करायला तेवढं पुरतं. नांगरणी हेच मुख्य काम असेल तर हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा. दुसरी गोष्ट पिनांची. जोडणीचे ठरलेले वर्ग आहेत : कॅटेगरी शून्यमध्ये पिना १६ मिलिमीटरच्या, कॅटेगरी एकमध्ये खालच्या २२ आणि वरची १९. शून्याची अवजारं कमी मिळतात आणि जुन्या बाजारात तर जवळपास नाहीतच. बुश, म्हणजे फरक भरून काढणारी नळी, घालून पिन बसवता येते हे खरं, पण पिन बसली म्हणजे वजन पेललं असं होत नाही. माझा कल एकच्या बाजूने पडला तो याच कारणाने.

आता एचपी. या आकड्यावर लोकांचा विश्वास फार आणि त्याची फसवणूक जुनी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत ट्रॅक्टरच्या ताकदीबद्दल इतक्या थापा मारल्या गेल्या की नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदाच केला : राज्यात विकायचा ट्रॅक्टर आधी तिथल्या विद्यापीठात तपासून घ्यायचा. १९२० पासून चाचण्या सुरू झाल्या आणि इंजिनची ताकद एक, कामाला येणारी ताकद दुसरी, हे आकड्यांत दिसायला लागलं. आजही बॉनेटवर असतो तो इंजिनचा आकडा. पीटीओपर्यंत, म्हणजे मागच्या त्या दातेरी शाफ्टपर्यंत, पोचताना त्यातला दहा ते वीस टक्के भाग गिअर, पंप आणि घर्षण खाऊन टाकतात. २५ एचपीच्या इंजिनमागे पीटीओला २० ते २२ मिळाले तर ठीक मानायचं. आणि हे २५ तरी कुठून आलं? अमेरिकेच्या धूर-नियमांत १९ किलोवॉट, म्हणजे साधारण साडेपंचवीस एचपी, ही एक रेघ आहे. तिच्या वर गेलं की इंजिनावर जास्त कडक आणि खर्चिक धूर-नियंत्रण बसवावं लागतं. त्यामुळे कंपन्यांची बरीच मॉडेलं त्या रेघेच्या आतल्या बाजूला दाटी करून बसली आहेत. तुमच्या गवताशी किंवा मातीशी त्या आकड्याचा काही संबंध नाही.

याहून महत्त्वाचा एक हिशेब आहे, जो कागदावर दोन ओळींत होतो. २० एचपी म्हणजे जवळपास १५ हजार वॉट. नांगर ओढताना ट्रॅक्टर सेकंदाला एक मीटर, म्हणजे भराभर चालणाऱ्या माणसापेक्षा हळू, चालला तर ही सगळी ताकद ओढण्यात घालायला सुमारे दीड हजार किलोचा ताण लागेल. छोट्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन किती? ७०० ते १,२०० किलोच्या आसपास. आणि मातीत टायर आपल्या वजनाच्या निम्म्याएवढा ताण धरेल तेव्हा नशीब म्हणायचं. भुसभुशीत जागेत तेवढाही नाही. म्हणजे निम्म्याहून जास्त ताकद चाकातून मातीत उतरतच नाही. चाक नुसतं घसरतं. चाकाचं थोडं घसरणं, दहा-पंधरा टक्के, नेहमीचं आहे आणि चांगलंच आहे. त्याच्या पलीकडे डिझेल जळतं आणि चर पडतात.

हा हिशेब एकदा मांडला की निवडीची दिशाच बदलते. ओढायचं असेल तर वजन विकत घ्यावं लागतं. फिरवायचं असेल तर पीटीओची ताकद. छोट्या ट्रॅक्टरची ताकद मुख्यतः फिरवण्यातूनच वसूल होते. गवत कापायचं स्लॅशर, रोटाव्हेटर, खड्डे पाडायचा ऑगर, फवारणीचा पंप. रोटाव्हेटरची पाती तर चाकांच्याच दिशेने फिरून ट्रॅक्टरला पुढे ढकलतात, म्हणून हलक्या ट्रॅक्टरमागे तो चांगला चालतो. या यंत्राचं श्रेय जातं ऑस्ट्रेलियातल्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्डला. शेतकऱ्याच्या या पोराने वडिलांच्या शेतावरच्या ट्रॅक्टर-इंजिनाने फिरती पाती चालवून १९१२ मध्ये पहिले प्रयोग केले. ओढण्याचं कामही लागणार असेल तर वजन वाढवायच्या सोयी बघाव्यात : मागच्या चाकांना लोखंडी चकत्या किंवा टायरमध्ये पाऊण भाग पाणी. पाणी स्वस्त आणि वजन खाली राहतं, म्हणून उतारावर मला तेच जास्त पटतं. टायरची नक्षीही इथेच ठरते. खोल दातांचा आर-वन मातीत पकड धरतो आणि हिरवळ उकरून ठेवतो. रुंद, सपाट आर-थ्री हिरवळ राखतो आणि चिखलात हात टेकतो. आर-फोर दोघांच्या मधला, लोडरच्या, म्हणजे पुढे बकेट लावून माल उचलायच्या, कामाला बरा.

पीटीओकडे परत येतो, कारण तिथे एक प्रश्न कुणीच विचारत नाही. हा शाफ्ट क्लचला कसा बांधलेला आहे? सगळ्यात साध्या रचनेत एकच क्लच असतो, चाकांनाही तोच आणि पीटीओलाही तोच. स्लॅशरची जड पाती एकदा वेग धरली की ती फिरत्या जात्यासारखी सहजी थांबत नाहीत. तुम्ही क्लच दाबता, इंजिन सुटतं, पण पात्यांचा वेग पीटीओतून गिअरबॉक्समध्ये आणि तिथून चाकांत येतो. ट्रॅक्टर पुढे जात राहतो. समोर कुंपण असो की झाड, क्लच दाबलेला असताना ट्रॅक्टर पुढे सरकताना बघणं हा अनुभव कुणावर येऊ नये. यावर उपाय म्हणून शाफ्टवर एका दिशेलाच जोर देणारा छोटा ओव्हररनिंग क्लच मिळतो. त्याहून बरं म्हणजे पीटीओचा क्लच स्वतंत्र असलेला ट्रॅक्टरच बघावा. चाकं थांबवून पातं चालू ठेवता येणं ही दाट गवतात चैन नसून गरज असते.

पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे, म्हणजे सेकंदाला ९. साडेतीन सेंटीमीटर जाडीचा उघडा शाफ्टसुद्धा या वेगाने सेकंदाला जवळपास मीटरभर कापड गुंडाळून घेतो. सैल बाही, ओढणी, बुटाची नाडी, काहीही. शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं आवरण फुटलं की लोक ते काढून ठेवतात, ‘ग्रीस मारायला सोपं जातं’ म्हणून. जुना ट्रॅक्टर अवजारांसकट बघायला गेलात आणि आवरण नसेल, तर मालकाने बाकीच्या गोष्टींची किती काळजी घेतली असेल याचा अंदाज तिथेच बांधावा.

लोडरचा मोह मलाही आहे आणि तो मी नाकारत नाही. माती, शेणखत, दगड, झाडाच्या फांद्या. पुढे बकेट असलेला ट्रॅक्टर अशा जागेत जेवढा वापरला जातो तेवढा दुसऱ्या कशासाठी नाही. पण उचलण्याच्या आकड्यात मेख आहे. काही ठिकाणी तो बकेटच्या पिनांपाशी मोजलेला असतो, काही ठिकाणी अर्धा मीटर पुढे. माल पिनांत नसतो, बकेटमध्ये पुढे असतो. म्हणून दुसरा आकडाच कामाचा, आणि त्यातून बकेटचं वजनही वजा करायचं. मागच्या लिफ्टचंही तेच : हातांच्या टोकाशी मोजलेली क्षमता आणि तिथून ६१० मिलिमीटर मागे मोजलेली क्षमता यांत मोठा फरक पडतो. दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवून तुलना करण्याआधी मोजमाप कुठे घेतलंय ते बघावं. नुसता हिशेब केला तरी अंदाज येतो. ओल्या मातीचा घनमीटर दीड टनाच्या वर भरतो, त्यामुळे पाचव्या हिश्शाएवढी लहान बकेटसुद्धा तीनशे किलो उचलते. तेवढं वजन पुढच्या चाकांच्याही पुढे लटकतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणून लोडर चालवताना मागे काहीतरी जड हवंच. तीन बिंदूंवर टांगलेली काँक्रीटची पेटी किंवा एखादं जड अवजार.

आणखी एक गोष्ट ट्रॅक्टरखाली वाकून पाहिल्यावरच पटते. पुढचा आस मधोमध एका पिनेवर डोलतो. खडबडीत जमिनीवर चारही चाकं टेकावीत म्हणून तशी रचना असते. त्याचा अर्थ असा की तोल सावरताना ट्रॅक्टर चार पायांवर नसतो. दोन मागची चाकं आणि पुढची ती एक पिन, अशा त्रिकोणावर उभा असतो. भरलेली बकेट वर उचलून उताराला आडवं जायचं म्हणजे त्या त्रिकोणाच्या काठावर चालणं. बकेट गुडघ्याच्या खाली ठेवा, हे चालवणारे सगळेच सांगतात. का, ते ही पिन बघितल्यावर कळतं.

मागच्या बाजूला उलटताना ट्रॅक्टर एका सेकंदाच्या आत अशा टप्प्यावर येतो की तिथून परत आणणं शक्य नसतं. माणसाला काय होतंय ते कळेपर्यंत वेळ संपलेली असते. त्यामुळे सीटमागची ती लोखंडी कमान आणि पट्टा यावर मी घासाघीस केली नाही आणि करणारही नाही. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरना अशी संरक्षक रचना सक्तीची केली, तेव्हा ती काही हौस म्हणून नव्हती. कमान दुमडणारी असेल तर झाडाखालून जाताना दुमडावी आणि बाहेर पडताच उभी करावी. पट्टा बांधायचा तो कमान उभी असताना. दुमडलेली असताना बांधलात तर तुम्ही ट्रॅक्टरखाली बांधले गेलात. आणि काहीही ओढायचं असलं, खोड असो की रुतलेली गाडी, साखळी खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागे खाली असलेल्या ओढायच्या दांड्यालाच. टॉप लिंकच्या जागी बांधलेली साखळी म्हणजे फर्ग्युसनच्या आधीचं जग.

गिअर की हायड्रोस्टॅटिक, म्हणजे गिअर न बदलता तेलाच्या दाबावर वेग बदलणारी रचना, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मला तो एवढा मोठा प्रश्न वाटत नाही. लोडरने सारखं पुढे-मागे करायचं असेल तर पायाने चालणारा हायड्रोस्टॅटिक सुखाचा. सरळ रेषेत ओढायचं असेल तर गिअर काटकसरीचा. झालं.

अवजारांच्या बाबतीत माझी मतं जरा तिरकी आहेत. पीक घेत नसलेल्या जागेवर सगळ्यात हौसेने घेतलं जाणारं आणि सगळ्यात जास्त काळ शेडमध्ये पडून राहणारं अवजार म्हणजे रोटाव्हेटर. तो एकदा फिरवला की माती दळल्यासारखी होते, बघायला छान वाटतं, पण वारंवार केलं तर मातीची घडण मोडते आणि पात्यांच्या खालच्या पातळीला एक कडक थर तयार होतो. पाणी त्याच्यावर थबकतं. वाफ्यांपुरता तो भाड्यानेही मिळतो. उलट मागचं साधं ब्लेड, ज्याला कुणी फोटोत घेत नाही, ते मातीच्या रस्त्यासाठी सोन्याचं. तिरकं करून रस्त्याला मधे उंचवटा द्यायचा, पाणी दोन्ही कडांना उतरतं आणि वाहून जायचं प्रमाण कमी होतं. गवतासाठी स्लॅशर, त्याची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडा झाकेल एवढी, म्हणजे चाकाने दाबलेलं गवत उभं राहत नाही. साधारण फुटाला पाच पीटीओ एचपी धरले की चार फुटी स्लॅशरला वीस लागतात, आणि इथे येऊन इंजिनचा आकडा आपोआप ठरतो. मग एक लहान ट्रॉली. ट्रॉलीला ताकद लागत नाही, ब्रेक लागतात. उतारावर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलते तेव्हा ट्रॅक्टरचं वजनच कामाला येतं.

जुना ट्रॅक्टर बघायला गेलं की इंजिनवर आधी हात ठेवावा. गरम असेल तर मालकाने तुम्ही यायच्या आधी चालू करून ठेवलंय. थंड असताना इंजिन कसं सुरू होतं हे तुम्हाला दिसणार नाही. तासांचा मीटर वाचावा, पण पेडलची झिजलेली रबरं आणि मागच्या हातांच्या भोकांची लांबट झालेली गोलाई जास्त खरं बोलतात. जड अवजार वर उचलून इंजिन बंद करायचं आणि गप्पा मारत उभं राहायचं. हळूहळू खाली येणं चालतं. गप्पा रंगायच्या आत जमिनीला टेकलं तर हायड्रॉलिकचं काम निघालं.

बॅकहो, म्हणजे ट्रॅक्टरमागे लावायचा खणणारा हात, मी यादीतून काढून टाकला. वर्षात एखादा चर खणायचा तर माणसासकट मशीन बोलावलेलं बरं; स्वतःचा बॅकहो मागे अडकवला की तीन बिंदूंची जागा अडते आणि काढायचा म्हटलं की तो ठेवायला सपाट, पक्की जागा हवी. अवजार एकट्याने, पाठ न मोडता जोडता-सोडता येतं का, हा प्रश्न मी आता एचपीच्या आधी विचारतो. जे अवजार बदलायला त्रास होतो ते ट्रॅक्टरला कायमचं चिकटून राहतं, आणि मग बाकीची नुसती गंजतात.

उरला तो फांद्या बारीक करायचा चिपर. त्यावर माझं अजून एकमत होत नाही. पीटीओच्या वीस एचपीवर हाताच्या मनगटाएवढी फांदी सहज जाते, मांडीएवढी जात नाही, आणि माझ्या झाडांच्या फांद्या या दोन्हींच्या मधल्या आहेत. छाटणी झाल्यावर ढीग जाडीप्रमाणे वेगळे करून बघीन. जाड ढीग मोठा निघाला तर करवत आणि ट्रॉली एवढ्यावर भागवायचं, आणि चिपरचे पैसे एका चांगल्या ब्लेडवर घालायचे.